निकामी नोटांचे मोल

संग्रह करण्याची हौस माणसाला उपजतच असते. लहान मूल नदीकाठचे गुळगुळीत गोटे खिशात भरते, शाळकरी मुलगा टपालाची तिकिटे जमवतो, आणि मोठेपणी कोणी जुनी नाणी तर कोणी दुर्मिळ ग्रंथ मिळवण्यासाठी गावोगाव हिंडतो. परंतु साठा आणि संग्रह यांत भेद आहे. साठ्याला संख्या पुरते. संग्रहाला जाण लागते. हा भेद मला उशिरा कळला, आणि तोही माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

मी नुकताच शिक्षक झालो होतो, तेव्हाची ही गोष्ट. गावातील एक वृद्ध सैनिक एके दिवशी शाळेत आले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले होते. त्यांनी एका जीर्ण पाकिटातून पाच-सहा नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. त्यांवर मंदिराचे चित्र होते आणि इंग्रजीत 'जपान सरकार' असे शब्द होते. अनुक्रमांक मात्र कोठेच नव्हता.

"गुरुजी, ह्या पोरांना दाखवा. रंगूनच्या रस्त्यावर पाचोळ्यासारख्या पडल्या होत्या," ते म्हणाले.

"पण बाबा, यांचे आता काय मिळणार?" मी विचारले.

"काहीच नाही. तेच तर पोरांना सांगायचं!"

त्या उत्तरातील मर्म मला उमगले नाही. नोटा टेबलाच्या खणात पडून राहिल्या, आणि एका दिवाळीच्या सुटीत शाळेला रंग देण्यासाठी खोल्या रिकाम्या करताना मीच तो खण कचऱ्यात उलटा केला. पुढे ते सैनिक वारले. त्यांचा नातू शाळेत येऊन आजोबांच्या नोटा मागू लागला, तेव्हा माझी मान खाली गेली. बाजारात ज्याची किंमत शून्य, त्याचे मोल किती असू शकते हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर मी वाचले.

त्या नोटा होत्या तरी कसल्या? एखादे सैन्य परमुलुख जिंकते, तेव्हा त्याला तेथे धान्य हवे असते, गुरे हवी असतात, मजूर हवे असतात. हे सारे उघड लुटावे तर प्रजा चवताळते. म्हणून जेता आपल्या छापखान्यात नोटा छापतो आणि त्या स्वीकारण्याची सक्ती करतो. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानी सैन्याने घेतले. त्यानंतर ब्रह्मदेशात रुपयाच्या, तर मलायात डॉलरच्या जपानी नोटा सुरू झाल्या. नावे लोकांच्या ओळखीची, कागद मात्र परक्याचा! मलायातील दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते. त्यामुळे लोक त्या चलनाला 'केळीचा पैसा' म्हणू लागले. याच नोटेवर धारकास मागताक्षणी दहा डॉलर देण्याचे वचनही छापलेले होते. 'आशिया आशियावासीयांचा' अशी घोषणा करीत आलेल्या या सत्तेने ब्रह्मदेशात आणि मलायात आपले चलन इंग्रजीतच छापले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. घोषणा जे लपवते, ते कधी कधी कागद सांगून जातो.

नोटा वाटेल तितक्या छापल्या गेल्या. बहुतेकांवर अनुक्रमांकही घातला गेला नाही. जेथे मोजदाद नाही, तेथे मर्यादा कोठून येणार? महागाई भडकली. १९४५ च्या मे महिन्यात ब्रिटिश आणि भारतीय सैन्य रंगूनमध्ये परत आले. पुढे सप्टेंबरमध्ये मलायातही ब्रिटिश लष्करी प्रशासन आले. दोन्ही ठिकाणी जपानी चलन रद्द ठरले. ज्या शेतकऱ्याने घाम गाळून पिकवलेला तांदूळ त्या नोटा घेऊन दिला होता, त्याच्या हाती शेवटी रद्दी उरली. हाँगकाँगमधील लोकांना तर आपले डॉलर देऊन जपानी लष्करी येन घ्यावे लागले होते. पुष्कळांनी ते येन अर्धशतक जपून ठेवले आणि भरपाईसाठी थेट टोकिओच्या न्यायालयात दाद मागितली. १९९९ साली त्यांचा दावा फेटाळला गेला. पैसे मिळाले नाहीत. परंतु अन्यायाची साक्ष त्यांनी जगापुढे मांडली, ती त्या जपलेल्या कागदांच्या बळावरच.

यावरून परकी सत्ता तेवढी खोटी आणि आपली बाजू तेवढी खरी, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. दोस्त राष्ट्रांनीही इटलीत उतरताना, १९४३ साली, आपल्या लष्करी लिरा नोटा बरोबर आणल्या होत्या. आपले मराठा वीर नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ज्या इटलीत पराक्रमाची शर्थ केली, तेथे त्या काळी हे चलन चालू होते. त्या नोटांच्या पाठीवर भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, अभावापासून मुक्ती आणि भयापासून मुक्ती ही चार तत्त्वे छापलेली होती. तत्त्वे थोर खरी. तथापि तोही सैन्याने आणलेलाच कागद. भेद इतकाच की, युद्ध संपल्यावर तो एका रात्रीत रद्दी झाला नाही. इटलीच्या चलनात काही वर्षे चालत राहिला.

आमच्या जुन्नरच्या परिसराला सत्तांतर नवे नाही. मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाच्या अमात्याचा शिलालेख आजही आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. राजा बदलला, ठसा बदलला, पण चांदी चांदीच राहिली. कागदी नोटेचे तसे नाही. तिच्या पोटात चांदी नसते; असते ते केवळ वचन. वचन देणारा निघून गेला की नोट मरते. आणि म्हणूनच माझ्या मते या मेलेल्या नोटा नाण्यांइतक्याच, किंबहुना अधिक काळजीने जपल्या पाहिजेत. जयस्तंभ जेत्याची बाजू सांगतो; ही नोट जिंकलेल्या मुलखातील सामान्य माणसाची बाजू सांगते.

कोणी म्हणेल, "जुलमाची चिन्हे जपायची कशाला? ती जाळून टाकणेच बरे!" हा उद्वेग मी समजू शकतो. परंतु जुलमाचा पुरावा नाहीसा झाल्याने जुलमी माणसाचेच फावते. दुसरा कोणी विचारील, "या नोटा विकून पैसा होईल काय?" त्याची बहुधा निराशाच होईल. मुळात त्या इतक्या छापल्या गेल्या की त्यांपैकी पुष्कळशा आजही स्वस्तात मिळतात. शिवाय दुर्मिळ म्हणून बनावट नोटा गळ्यात मारणारेही असतात. लोभाने या वाटेला जाणारा फसतो; जिज्ञासेने जाणारा समृद्ध होतो.

तेव्हा, विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातील जुन्या ट्रंकेत पणजोबांनी परमुलखातून आणलेली एखादी नोट असेल, तर ती प्रथम हळुवार हाताने पाहा. तिला खळ किंवा चिकटपट्टी लावू नका, तिच्यावर शाईने लिहू नका, तिची घडी वारंवार मोडू नका. कोरड्या, स्वच्छ जागी ती सपाट ठेवा. मात्र याहून महत्त्वाचे काम वेगळेच आहे. ती कोणी आणली, कोठून आणली, कोणत्या साली आणली, आणि आणणाऱ्याने तिच्याविषयी काय सांगितले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे; तेथे जाऊन जाणकारांची दृष्टी कशी असते तेही पाहा.

आमच्या खोडद गावाजवळ ४५ मीटर व्यासाच्या महाकाय रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. दूरच्या ताऱ्यांपासून फार पूर्वी निघालेल्या क्षीण लहरी त्या टिपतात. लहर कितीही क्षीण असो, ती केव्हा आली आणि कोणत्या दिशेने आली याची नोंद ठेवली, तरच शास्त्रज्ञाला तिचा अर्थ लागतो. घरातील जुन्या नोटेचेही तसेच आहे. नोंद नसेल तर तो नुसता रंगीत कागद. नोंद असेल तर तो एका माणसाचा आवाज.

असा एक आवाज माझ्या हातून कचऱ्यात गेला. तुमच्या हातून तो जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.