चिमणीचं पेस्ट कंट्रोल

होस्टेलमध्ये ढेकूण झाले की आपण काय करतो? गादी उन्हात टाकतो, रेक्टर सरांकडे अर्ज देतो आणि फवारणीवाल्याची वाट बघत बसतो. पक्ष्यांच्या घरट्यातही माइट, गोचीड, पिसवा असतात आणि पिल्लांचं रक्त पितात. पण पक्षी अर्ज कुणाला देणार? ते स्वतःच औषध शोधतात.

कोलकात्यातल्या चिमण्या घरट्यात कडुनिंबाची पानं आणून ठेवतात, अशी नोंद १९८१ सालच्या एका शोधनिबंधात आहे. आपल्या आज्या धान्याच्या डब्यात हाच पाला टाकतात. दोघींनाही कुणी केमिस्ट्री शिकवलेली नाही!

मेक्सिको सिटीतला किस्सा तर आणखी भारी आहे. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या कॅम्पसवर चिमण्या आणि फिंच पक्षी सिगरेटच्या थोटकांतले धागे घरट्यात लावतात. २०१३ च्या अभ्यासात दिसलं की ज्या घरट्यात हे धागे जास्त, तिथे परजीवी कमी. कारण निकोटिन. तंबाखूचं झाडसुद्धा किड्यांपासून वाचायलाच ते तयार करतं. २०१७ साली संशोधकांनी फिंचच्या घरट्यांत मुद्दाम जिवंत गोचीड सोडले, तर पक्ष्यांनी जास्त थोटकं आणली. म्हणजे हा नुसता योगायोग नाही.

हे ऐकून आमच्या विंगमधला एक जण म्हणाला, "म्हणजे आम्ही थोटकं टाकतो ती समाजसेवाच की!" थांब भाऊ. २०१४ साली त्याच कॅम्पसवरच्या अभ्यासात असंही आढळलं, की घरट्यात थोटकं जितकी जास्त, तितकं पिल्लांच्या रक्तपेशींतल्या जनुकांचं नुकसान जास्त. औषध मिळालं, पण साइड इफेक्टसकट.

माझं मत स्पष्ट आहे. चिमणी हुशार आहे, पण तिचं मेडिकल स्टोअर म्हणजे आपला कॅम्पस. तिथे कडुनिंब असेल तर ती पाला नेईल, थोटकं असतील तर थोटकं. आणि मेसमागचा कडुनिंब टू-व्हीलर पार्किंगसाठी तोडायचा, अशी चर्चा सध्या चालू आहे. गाड्या वर्कशॉपच्या बाजूलाही लागतील की! स्टुडंट कौन्सिलने हे लेखी मांडावं, आणि कट्ट्यावर थोटकांसाठी एक डबाही मागावा. झाड एका सकाळी पडतं. नवं लावलं, तर त्याची सावली आपल्यापैकी कुणाच्याच आठ सेमिस्टरमध्ये बसणार नाही.