खेळ थांबवा!

२१ मे २०२३. स्पेन, वॅलेन्सियाचं मेस्ताया मैदान. रिआल माद्रिदचा काळा पोरगा विनिसियस ज्युनिअर खेळतोय अन् प्रेक्षकांतून 'माकड, माकड'! त्यानं बोट दाखवून माणूस दाखवला. शेवटी झटापट झाली, लाल कार्ड त्यालाच. नंतर रद्द केलं, पण बाहेर तोच गेला ना?

जून २०२४ मध्ये कोर्टानं तिघांना आठ महिन्यांची कैद ठोठावली. स्टेडियममधल्या वर्णद्वेषाबद्दल स्पेनमधली ही पहिलीच शिक्षा! म्हणजे आधीच्या शिव्या काय कुणी ऐकल्या नव्हत्या?

दोस्तहो, मी म्हणतो, तिघांवर भागत नाही. शेजारी बसून हसणाऱ्यांचं काय? गोलला मिठी मारता, मग शिवीला पाठ का? पुढल्या वेळी अकराच्या अकरा बाहेर या. गल्ला बुडाला की मालकांना बरोब्बर ऐकू येईल.