अलांछन चंद्राचे छायाचित्र

पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी कथा लिहून आणली. मध्यरात्र, निजलेले गाव आणि पूर्वेला नुकतीच उगवलेली शुक्ल द्वितीयेची कोर. ही कोर पश्चिमेला दिसते आणि सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांत मावळते, असे मी सांगताच तो म्हणाला, "सर, पण कवितेत तसंच असतं." कोणत्या कवितेत, ते त्याला सांगता आले नाही. हा मुलगा शेतकऱ्याच्या घरातला. दर संकष्टीला त्याच्या घरी चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात पाहिली जाते. म्हणजे चंद्र त्याच्या परिचयाचा होता. लिहायला बसल्यावर मात्र त्याने तो बाजूला ठेवला आणि पुस्तकातला घेतला.

मी अंबाजोगाईला राहतो आणि बरीच वर्षे गच्चीवरून चंद्राची छायाचित्रे काढतो. चंद्र टिपण्यासाठी खेड्यातला काळोख हवा, हा शहरातल्या मित्रांचा गोड गैरसमज आहे. काळोख ताऱ्यांसाठी हवा. चंद्र मुंबईतूनही तितकाच उजळ दिसतो. आमच्या गावाचा फायदा एवढाच की इमारती बुटक्या आहेत, त्यामुळे क्षितिज मोकळे सापडते. तोटाही आहे. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडते, दुर्बिणीतले बिंब पाण्यातल्यासारखे हलते आणि दहा वाजेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते. संकष्टीला शेजारच्या काकू खालून विचारतात, "सर, दिसला का?" या प्रश्नाइतके नेमके चंद्रविषयक वाक्य मी अलीकडच्या कवितेत क्वचितच वाचले आहे.

कॅमेऱ्याने मला पहिला धडा दिला तो चंद्राच्या रंगाचा. ज्याला आपण रुपेरी म्हणतो तो पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशापैकी सरासरी जेमतेम १२ टक्के परत पाठवतो. जवळजवळ जुन्या डांबरी रस्त्याइतका. तो उजळ भासतो तो भोवतालच्या काळ्या आकाशामुळे आणि त्याच्यावर भर दुपारचे ऊन असल्यामुळे. म्हणून त्याचे छायाचित्रही दिवसाच्या हिशेबाने घ्यावे लागते: आयएसओ १००, छिद्र एफ/११, शटर सेकंदाचा सुमारे १२५वा भाग. कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले तर तो काळे आकाश पाहून अधिक प्रकाश घेतो आणि हाती पांढरी चकती ठेवतो. दुसरा धडा तिथीचा. कवींची लाडकी पौर्णिमा छायाचित्रकाराला फारशी उपयोगाची नाही, कारण सूर्य समोरून असल्याने सावल्याच पडत नाहीत. शुक्ल अष्टमीला मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर अपेनाइन्स पर्वत उभे राहतात. टॉलेमी, अल्फॉन्सस आणि अर्झाचेल ही विवरे एकाखाली एक उघडतात. कधी कधी वाटते, आपल्या कवितेने अष्टमीवर अन्यायच केला.

आता त्या पांढऱ्या चकतीविषयी. पसायदानात सज्जनांसाठी लांछन नसलेल्या चंद्राची कल्पना आहे. ती कळायची तर लांछन आधी डोळ्यांनी पाहिलेले असावे लागते. आपल्या भाषेने तर ते चंद्राच्या नावातच जपले: शशांक, मृगांक. लांछन वगळणे ही ज्ञानदेवांची निवड आहे. माझ्या कॅमेऱ्यातली चकतीही अलांछनच, पण ती न पाहण्यातून आलेली.

याहून विपरीत प्रकार २०२३ साली उघड झाला. एकाने मुद्दाम धूसर केलेले चंद्रचित्र पडद्यावर ठेवून एका नामांकित फोनने टिपले, तर फोनने मुळात नसलेले बारकावे त्यात भरून दिले. फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या चंद्रांवरून समोरचा दुरुस्त करतो. या प्रकाराची पुष्कळ थट्टा झाली. मला मात्र मराठीचा वर्ग आठवला. उपमांचे कोष्टक पाठ करून घेणारे आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत हेच यंत्र बसवतो आणि मग त्यांच्या लेखनात अनुभव नाही म्हणून तक्रार करतो. परंपरा शिकवू नये असे मी म्हणत नाही. चकोराची उपमा शिकवायलाच हवी. पण त्या आठवड्यात मुलांनी एकदा तरी गच्चीवर जावे, एवढी अट घालायला काय हरकत आहे?

मी ती घालून पाहिली: पंधरा दिवस चंद्र कुठे, किती वाजता दिसला, याची नोंद. सुरुवात आषाढात केली, ही चूक माझीच. बहुतेक वह्यांत "ढग", "ढग", "दिसला नाही" अशा ओळी आहेत. त्या कथाकार मुलाने एका रात्री लिहिले आहे: "पावणेअकरा. ढगामागे उजेड आहे, पण कोणत्या बाजूने कापलेला ते कळत नाही."