पास नव्हे, तिकीट!

शनिवारच्या वर्तमानपत्रातील ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर आपल्यापैकी किती जण वाचतात? महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या गावचे हे सदर उघडून पाहावे. हौशी नाट्यसंस्थेचा दोन अंकी प्रयोग, कथ्थकच्या वर्गाचे वार्षिक सादरीकरण, एखाद्या शिक्षकाचा एकपात्री विनोदी कार्यक्रम आणि रविवारी सायंकाळी नाट्यगीतांची मैफल. दोन दिवसांत नाट्य, नृत्य, विनोद आणि गायन यांचे एवढे भरलेले ताट घरापासून हाकेच्या अंतरावर मांडलेले असते. वाढणारी माणसेही परकी नसतात. बँकेतील रोखपाल, शाळेतील बाई, औषधांच्या दुकानाचे मालक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोणाच्या तरी शेजारची गृहिणी. असे असूनही सभागृहातील निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात आणि भरलेल्यांपैकी बऱ्याच फुकट पासावर भरलेल्या असतात.

ही अवस्था एकट्या कलाक्षेत्राची काळजी आहे असे मानून समाजाने स्वस्थ बसू नये. ज्या रंगभूमीचा आपण अभिमान मिरवतो, ती उभी राहिली कशी, हे यानिमित्ताने आठवले पाहिजे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यामागे सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांची इच्छा आणि त्यांचाच आश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आधार सुटला. मराठी नाटकाचा इतिहास तेथेच संपू शकला असता. परंतु भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये त्यांनी मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. राजाश्रय संपला तेथे लोकाश्रय सुरू झाला. त्या लोकाश्रयाचे व्यवहारातील नाव ‘तिकीट’ असे आहे. दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करताना नटराजपूजन होते, नांदी होते, भाषणेही होतात. हे तिकीट मात्र आठवणीतून निसटते.

तिकिटाचे सामर्थ्य किती, याचा दाखला ८ जुलै १९२१ या दिवसाने दिला. त्या दिवशी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांच्या धुरीणांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ सादर केले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर! उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जायचे होते. रसिकांनी चढ्या दराने तिकिटे घेतली आणि नाट्यगृह तुडुंब भरले. त्या प्रेक्षकांनी गाणे ऐकले आणि राष्ट्रकार्याला हातभारही लावला. नाटक पाहणे आणि समाजाचे ऋण फेडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे त्यांना वाटले नाही.

काही जण विचारतील की, आपल्याकडे कीर्तन, भारूड, दशावतार हे सारे विनामूल्यच चालत आले, मग तिकिटाचा एवढा आग्रह का? प्रश्न रास्त आहे. पण कोकणातील जत्रेत रात्रभर रंगणारा दशावतार फुकट असतो, हा आपला भ्रम आहे. देवस्थान मंडळींची बिदागी भागवते, गाव त्यांच्या जेवणाखाण्याची काळजी घेतो आणि त्या खर्चात प्रत्येक घराचा वाटा असतो. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. धानाची कापणी आटोपली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत मंडप उभे राहतात आणि रात्र रात्र नाटके चालतात. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र. तेथे शेतकरी कुटुंबे थंडीत घोंगड्या-चादरी घेऊन येतात आणि तिकीट काढून नाटक पाहतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या भागाला आपण ‘मागास’ म्हणतो, तेथील शेतमजूर कलावंताचे दाम मोजतो आणि शहरातील सुशिक्षित मध्यमवर्ग ‘दोन पास मिळतील का?’ म्हणून संयोजकाला दूरध्वनी करतो! संस्कृती कोणी अधिक जपली, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

हौशी संस्थेचा एक प्रयोग उभा राहतो तेव्हा पडद्यामागे काय घडते, हेही समजून घेतले पाहिजे. दिवसाची नोकरी संपवून मंडळी रात्री एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात तालमीला जमतात. महिना-दीड महिना हे चालते. लेखकाचे मानधन, नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा आणि भाड्याने आणलेली वेशभूषा यांचा खर्च असतो. नृत्याचा कार्यक्रम असेल तर तबला-पेटीची साथ असते. गाण्याच्या मैफलीला ध्वनियंत्रणा लागते. कलावंत स्वतः काहीच घेत नाहीत, तरीही हा हिशेब जुळत नाही. तूट पदरची रक्कम घालून भरून काढली जाते. पासावर आलेला प्रत्येक प्रेक्षक आपल्या खुर्चीचा खर्च एखाद्या रोखपालाच्या किंवा शिक्षिकेच्या पगारातून वसूल करीत असतो. हे कटू आहे, पण सत्य आहे.

‘स्थानिक कार्यक्रमांना दर्जा नसतो’ ही दुसरी सबब. दर्जा आकाशातून पडत नाही. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेने आणि १९६३ मध्ये सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडकाने महाराष्ट्राला नट, लेखक व दिग्दर्शकांच्या पिढ्या दिल्या. त्या पिढ्यांची पहिली पावले अशाच हौशी रंगमंचावर पडली होती. पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातील मुलीने पायात घुंगरू बांधणे समाजाला सहजी रुचत नव्हते. आज गावोगावी कथ्थक आणि भरतनाट्यम् यांचे वर्ग दिसतात, त्यामागे अशा साधनेची पुण्याई आहे. लक्ष्मणराव देशपांडे मराठवाड्यात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधील बावन्न पात्रे एकट्याने उभी करून त्यांनी मराठवाड्याच्या बोलीला जगभर हसू मिळवून दिले. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव हे एका शिष्याने केलेले गुरुपूजन होते. त्याला आजचे रूप दिले ते तिकिटासाठी रांग लावणाऱ्या श्रोत्यांनी. प्रेक्षक आधी येतो, दर्जा त्याच्यामागून येतो.

दोष केवळ प्रेक्षकांचा नाही. संयोजकांनीही आरसा पाहावा. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, मनोगते. प्रमुख पाहुणे उशिरा येतात आणि भाषण आटोपताच उठून जातात. त्यांच्यासाठी राखलेल्या पहिल्या दोन रांगा पुढे रिकाम्याच राहतात. तोवर चेहऱ्याला रंग लावून पोरे पडद्याआड ताटकळत असतात. रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम आडवा येतो आणि भाषणांनी खाल्लेला वेळ भैरवीतून कापला जातो. आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते असे कार्यक्रम घडवून आणतात. वेळेवर तिसरी घंटा देणे आणि एका पाहुण्याच्या एका छोट्या भाषणावर थांबणे, एवढी शिस्त आपण पाळू शकतो.

नाट्यगृहांच्या अवस्थेविषयी बोलावे तेवढे थोडे. गळके छत, मोडक्या खुर्च्या, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा आणि नाक मुठीत धरून जावे अशी स्वच्छतागृहे, हे अनेक गावांतील चित्र आहे. त्यातच शनिवार-रविवारच्या तारखा मेळावे आणि समारंभ यांच्याकडे जातात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू जळताना पाहून करवीरवासी रडले. तिची पुनर्बांधणी व्हायलाच हवी होती आणि ती हाती घेतली गेली, हे समाधानाचे आहे. पण इतर गावांतील नाट्यगृहे दुर्लक्षाने रोज थोडी थोडी जळत आहेत. त्या आगीचा धूर दिसत नाही, म्हणून आपल्या डोळ्यांत पाणीही येत नाही. शासन भिंती उभारून देईल, छप्परही घालील. खुर्चीवर मात्र समाजालाच बसावे लागेल.

म्हणून वाचकांपुढे एक साधा संकल्प ठेवावासा वाटतो. प्रत्येक कुटुंबाने महिन्यातील एक शनिवार किंवा रविवार आपल्या गावच्या कलावंतांसाठी राखावा. आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्यासह जावे. पास मागू नये आणि कोणी आग्रहाने दिला तरी नम्रपणे परत करून तिकीट काढावे. भ्रमणध्वनी बंद ठेवावा, शेवटचा पडदा पडेपर्यंत बसावे आणि नंतर आत जाऊन एखाद्या नवख्या मुलीला ‘छान केलेस, पुन्हा कधी?’ एवढे विचारावे. संयोजकांनीही मागच्या रांगांचे दर विद्यार्थी व सामान्य कुटुंबांना परवडतील असे ठेवावेत. नगरपालिकांकडे शनिवार-रविवारच्या तारखा प्रथम कलेसाठी द्या, अशी मागणी नागरिकांनी संघटितपणे करावी.

मुलांवर संस्कार करावेत, असे आपण नेहमी म्हणतो. वडिलांना तिकिटाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिलेले पाहणे, हाही एक संस्कारच आहे. कलेला दाम असतो आणि तो आपण द्यायचा असतो, हे त्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. येत्या शनिवारी ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर अवश्य वाचावे आणि सहकुटुंब घराबाहेर पडावे.