वजनाचा कांटा आणि डॉक्टरांची जीभ

भंडारा येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. तेथें दरवर्षीं शंभर विद्यार्थ्यांची सोय आहे. वैनगंगेच्या परिसरांत डॉक्टर तयार होणार, ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु हे डॉक्टर रोग्याशीं बोलणार कसे, हाही विचार झाला पाहिजे. वजनाच्या बाबतींत तर तो फारच नाजूक आहे.

चाळिशी उलटलेली एक गृहिणी गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यांत गेली, असें समजा. डॉक्टर मान वर न करतांच म्हणतात, "बाई, वजन किती वाढलें आहे! खाणें कमी करा." बाहेर बांकावर बसलेल्यांनाही तें ऐकूं जातें. ती मुकाट्यानें घरीं येते आणि पुन्हां त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीं. पुढें रक्तांत साखर वाढली तरी ती कळावी कशी? डॉक्टरांचें निदान खरें होतें. बोलणें चुकलें, आणि निदान व्यर्थ गेलें.

आपल्या देशांत हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचें एक छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ च, परंतु यडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ होती! म्हणूनच भारतीयांसाठीं २३ पासून पुढें जादा वजन व २५ पासून स्थूलता मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आंत असावा, असेंही सांगतात. १५५ सेंटिमीटर उंचीची स्त्री ६० किलोंच्या किंचित् वर गेली कीं ती स्थूल ठरते. घरांतील मंडळी मात्र "तब्येत छान सुधारली" म्हणून कौतुकच करितात! अशा स्त्रीला धोका समजावून सांगणें हें कौशल्याचें काम आहे.

तें शिकवितां येतें. २०१९ पासून एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति व संभाषण यांचें शिक्षण समाविष्ट आहे. एका विद्यार्थ्यानें रोगी व्हावें, दुसऱ्यानें डॉक्टर, आणि गुरुजनांनीं दोष दाखवावे. प्रथम "वजनाविषयीं बोललें तर चालेल ना?" असें विचारावें. मग दिनक्रम ऐकून घ्यावा, एकच साधेल असा बदल रोग्याच्याच तोंडून ठरवून घ्यावा आणि पुढील भेटीचा दिवस नेमावा. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलुखांत "भात सोडा" ही आज्ञा कोण पाळणार? त्यापेक्षां भाताची एक वाढ कमी, वरण-भाजी अधिक, हें पटतें. थोडक्या यशाचेंही फळ मोठें असतें. अमेरिकेंतील २००२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगांत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनीं वजन शेंकडा ७ नें उतरविण्याचें व आठवड्यास १५० मिनिटें चालण्याचें ध्येय ठेविलें. त्यांच्यांत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. साठ किलोंच्या मनुष्यास हें ध्येय चार किलोंच्या आसपासच येतें.

२०२१-२२ च्या तुकडीपासून विद्यार्थ्यांकडे खेड्यांतील कांहीं कुटुंबेंही सोंपविली जातात. हा पाठ व्याख्यानगृहापेक्षां तेथें अधिक चांगला मिळेल. सर्वांच्या मागून जेवणारी सून उरलेलें अन्न टाकवत नाहीं म्हणून संपविते; किती शिजवावयाचें हें सासूबाई ठरवितात. तेव्हां एकट्या सुनेस उपदेश करून काय उपयोग? सर्वांदेखत तिचें वजन काढणें तर मुळींच नको. पथ्य साऱ्या स्वयंपाकघराचें व्हावें.

आणि वाचकहो, डॉक्टरांची जीभ सुधारावी असें म्हणतांना आपलीही तपासूं या. लग्नकार्यांत "काय ग, किती सुटलीस!" असें हंसत म्हणणारे आपणच ना? ज्या घरांत वजन हा थट्टेचा विषय नसतो, त्या घरांतील माणूस दवाखान्यांतही मोकळेपणानें बोलतो.