उसाच्या ट्रॉल्या आणि महामार्गाचे संशोधन

महामार्गावरील अपघातप्रवण ठिकाण ठरवण्याची केंद्राची कसोटी आकड्यांची आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा एकूण १० मृत्यू झाले, की त्या जागेची नोंद होते. म्हणजे माणसे गेल्यावरच दखल. मुरुमसारख्या ऊसपट्ट्यातील गावांना एवढे पुरणार नाही.

पुणे-सोलापूर-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा महामार्ग, पूर्वीचा ९ क्रमांकाचा, मुरुमच्या उमरगा तालुक्यातून जातो. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जोडरस्त्यावरून त्यावर चढतो, तेव्हा मागची ट्रॉली बराच वेळ आडवी असते. बाहेर आलेल्या उसाखाली मागचा दिवा झाकला जातो. भरधाव ट्रकचालकाला ती दिसते ती अगदी जवळ आल्यावर.

देशात रस्त्यांच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांची वर्गवारी केली. १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली. आता पोलीस अपघाताचे नेमके स्थान मोबाइलवरून ई-डार प्रणालीत नोंदवतात. ही माहिती मोलाची आहे. पण थोडक्यात टळलेला अपघात तिच्यात येत नाही. म्हणून हंगाम ऐन भरात असताना, तेही रात्री, जोडरस्ते महामार्गाला मिळतात त्या तिठ्यांवर वाहनांची मोजणी आणि सुरक्षा तपासणी व्हायला हवी. ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावायला मात्र कोणत्याही अहवालाची वाट पाहू नये.