गळ टाकायचा कुठे?
नागपूरला समुद्र नाही, धक्काही नाही. महाल भागाजवळ शुक्रवारी तलाव मात्र आहे. गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला, एकेकाळी शहराला पाणी पाजणारा, जुम्मा तलाव म्हणूनही ओळखला जाणारा, कागदोपत्री गांधीसागर. सुशोभीकरण म्हटलं की आपल्याला कठडे आणि दिवे सुचतात. गळ टाकून निवांत बसायला चार पायऱ्या कुणाला सुचत नाहीत. अर्थात आधी पाणी धड हवं. सांडपाण्यावर शेवाळ माजतं, रात्री तेच पाण्यातला प्राणवायू ओढतं आणि पहाटे मासे मरून वर येतात. (काठावरच रमण विज्ञान केंद्र आहे, पोरांना हा धडा तलाव दाखवूनच शिकवावा.) गळाला लागलेला रोहू घरी रांधण्याजोगा हवा असेल, तर पहिला पैसा सांडपाणी अडवण्यावर खर्च करा, कारंजी नंतर बघू.